विश्लेषण : मधमाशीचे पंख मोबाइलला खरेच ‘दिसतात’ का? स्लो मोशन चित्रीकरण, विज्ञान आणि नाशिकची शेती…

नाशिक जिल्ह्यात थंडी ओसरू लागली, की बीजोत्पादनासाठी राखलेल्या कांद्याला पांढरे गोंडे येतात. याच गोंड्यांवर मधमाश्या किती फिरतात, यावर पुढच्या हंगामाचे बियाणे ठरते. आता शेतकऱ्यापासून शाळकरी मुलापर्यंत जवळपास प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये ‘स्लो मोशन’ची सोय आहे. त्यामुळे फुलावर उतरणाऱ्या माशीचे संथ चित्रीकरण समाजमाध्यमांवर सहज दिसते. मात्र त्यात दिसणारी पंखांची हालचाल खरी असते का? ती टिपण्यासाठी शास्त्रज्ञांना किती वेगवान कॅमेरे लागतात? आणि या साऱ्याचा शेतीला उपयोग काय?

साध्या डोळ्यांना पंख का दिसत नाहीत?

मधमाशी सेकंदाला साधारण २३० वेळा पंख हलवते. म्हणजे पंख पुढे जाऊन मागे येण्याचा एक फेरा सेकंदाच्या हजाराव्या भागांत मोजला, तर जेमतेम चार भागांत पूर्ण होतो. माणसाच्या डोळ्याला सेकंदाला ५०-६० वेळांपेक्षा जास्त होणारी उघडझाप वेगवेगळी जाणवत नाही, ती सलग वाटते. पंखा जोरात फिरू लागला की पाती दिसेनाशी होतात, तसेच हे. उडणाऱ्या माशीच्या दोन्ही बाजूंना आपल्याला फक्त एक धूसर पडदा दिसतो.

कान मात्र इथे डोळ्यांच्या पुढे आहेत. माशीची गुणगुण म्हणजे पंखांच्या आणि छातीच्या कंपनांचाच आवाज. सेकंदाला २३० कंपने हा सूर हार्मोनियमवर खालच्या सप्तकातील काळी पाचच्या अगदी जवळचा. त्यामुळे पंखांचा वेग डोळ्यांनी मोजता येत नसला, तरी सुराचा कान असलेल्याला त्याचा अंदाज बांधता येतो.

स्लो मोशन म्हणजे नेमके काय?

चलत्चित्र म्हणजे एकापाठोपाठ एक दाखवलेली स्थिरचित्रे, अर्थात फ्रेम. नेहमीच्या व्हिडीओत सेकंदाला २५ किंवा ३० फ्रेम टिपल्या जातात आणि त्याच गतीने दाखवल्या जातात. टिपण्याची गती वाढवली आणि दाखवण्याची तीच ठेवली, की काळ लांबतो. सेकंदाला २४० फ्रेम टिपून ३०च्या गतीने दाखवल्या, तर एका सेकंदाची घटना आठ सेकंद चालते. सेकंदाला सहा हजार फ्रेम टिपल्या, तर तोच एक सेकंद तीन मिनिटे वीस सेकंदांचा होतो.

याच्या नेमका उलटा प्रयोग भारतीय चित्रपटाच्या जन्माआधी झाला आणि त्याचा कर्ता नाशिक जिल्ह्याचाच होता. त्र्यंबकेश्वरला १८७० मध्ये जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी १९१२ मध्ये लंडनहून कॅमेरा आणल्यावर कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरला. महिनाभराहून अधिक काळ त्याच्यासमोर कॅमेरा ठेवून त्यांनी वाढीच्या फ्रेम एकेक करून टिपल्या. ‘अंकुराची वाढ’ या जेमतेम मिनिटभराच्या चित्रफितीत दाण्याचे रोप होताना दिसले. ती पाहून ‘राजा हरिश्चंद्र’साठी भांडवल मिळण्याचा मार्ग मोकळा झाला. फाळक्यांनी महिना मिनिटात आणला. स्लो मोशन क्षण मिनिटात नेते. तत्त्व एकच आहे. टिपण्याची गती आणि दाखवण्याची गती यांत फरक ठेवायचा, म्हणजे माणसाच्या नजरेतून सुटणारी हालचाल नजरेच्या आवाक्यात येते. फाळके पुढे नाशिकमध्येच स्थिरावले. पांडवलेणीच्या पायथ्याशी त्यांचे स्मारक आहे.

मोबाइलवरचा व्हिडीओ फसवतो तो कसा?

मोबाइलवर सेकंदाला २४० फ्रेमने टिपलेल्या चित्रफितीत माशीचे पंख अनेकदा अगदी सावकाश, पक्ष्यासारखे हलताना दिसतात. पाहणाऱ्याला वाटते, पंखांची खरी हालचाल सापडली. प्रत्यक्षात तो भास असतो. पंख सेकंदाला २३० फेरे घेत असतील आणि कॅमेरा २४० वेळा डोळा उघडत असेल, तर प्रत्येक फ्रेममध्ये पंखाचा जवळपास एक फेरा होऊन गेलेला असतो. तो पुरता होण्याआधी, किंचित मागच्या जागी असतानाच टिपला जातो. अशा फ्रेम ओळीने लावल्या, की पंख सेकंदाला फक्त दहा फेरे घेत असल्याचे आणि तेही उलट्या क्रमाने, असे चित्र तयार होते. शिवाय ते आठ पट संथ दाखवले जाते. चित्रपटात धावत्या गाडीची चाके मागे फिरताना दिसतात, तो हाच प्रकार.

कोणतीही पुन:पुन्हा होणारी हालचाल ओळखायची, तर एका फेऱ्यात किमान दोनपेक्षा जास्त वेळा ती टिपली पाहिजे, हा संदेशशास्त्रातला मूलभूत नियम आहे. पंखाचा मार्ग, त्याचे वळणे, पीळ हे सारे पाहायचे तर एका फेऱ्यात दोन नव्हे, वीस-पंचवीस फ्रेम हव्यात. म्हणजे सेकंदाला पाच ते सहा हजार. काही मोबाइलमध्ये ९६० फ्रेमची सोय असते. तिथेही एका फेऱ्याला चारच फ्रेम येतात. त्यातही काही मोबाइल प्रत्यक्षात कमी फ्रेम टिपतात आणि मधल्या फ्रेम सॉफ्टवेअरने ‘भरतात’. त्या पाहायला सुंदर असतात, पण त्यांत जे दिसते ते घडलेलेच असते असे नाही.

दुसरा प्रश्न शटरचा. पंखाची लांबी साधारण एक सेंटिमीटर, झोका ९० अंशांचा आणि फेरे २३० धरले, तर पंखाच्या टोकाचा सरासरी वेग सेकंदाला सात मीटरच्या आसपास येतो. शटर सेकंदाच्या हजाराव्या भागाइतके उघडे राहिले, तरी तेवढ्यात टोक सात मिलिमीटर सरकते. म्हणजे जवळपास अख्ख्या पंखाएवढा फराटा उमटतो. रेखीव चित्रासाठी शटर सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाइतके किंवा त्याहून कमी काळ उघडावे लागते. तिसरी अडचण अशी, की मोबाइलचा संवेदक सारे चित्र एकदम न टिपता वरून खाली ओळीओळीने वाचतो. तेवढ्या वेळात पंख हललेला असतो. म्हणून काही चित्रांत पंख केळ्यासारखे वाकलेले किंवा तुटलेले दिसतात.

शास्त्रज्ञांनी हे कधीपासून टिपायला सुरुवात केली?

कॅमेरा इतका वेगवान नव्हता, तेव्हाही हा प्रश्न सोडवण्याचे प्रयत्न झाले. फ्रान्सचे शरीरशास्त्रज्ञ एतिएन-ज्यूल मारे यांनी १८६०च्या दशकाच्या अखेरीस काजळी धरलेल्या फिरत्या नळकांड्याला कीटकाच्या पंखाचे टोक घासू दिले. प्रत्येक फटकाऱ्याची रेघ काजळीत उमटली. त्या मोजून त्यांनी मधमाशीसाठी सेकंदाला १९०, गांधीलमाशीसाठी ११० आणि घरमाशीसाठी ३३० असे आकडे काढले. वीजही घरोघरी पोहोचली नव्हती त्या काळातली ही मोजमापे आजच्या आकड्यांच्या बरीच जवळ आहेत. पंखाच्या टोकाला सोन्याच्या वर्खाचा कण चिकटवून त्यांनी उन्हात त्याची चमक पाहिली, तेव्हा हवेत इंग्रजी आठच्या आकड्यासारखी रेघ दिसली.

मारे यांचे सहकारी ल्युसियाँ बुल यांनी १९०४च्या सुमारास पुढची पायरी गाठली. त्यांनी विजेच्या ठिणग्यांच्या प्रकाशात उडत्या कीटकांची सेकंदाला हजारांहून अधिक चित्रे घेतली. ठिणगीचा उजेड इतका क्षणिक असतो, की वेगळ्या शटरची गरजच उरत नाही. आजचे वेगवान डिजिटल कॅमेरे याच अडचणी दुसऱ्या मार्गाने सोडवतात. त्यांची स्मृती अखंड चित्रीकरण करत जुने पुसत राहते. हवी ती घटना घडून गेल्यावर बटण दाबले, तरी आधीचे काही क्षण जपले जातात. माशी केव्हा उडेल हे कुणालाच सांगता येत नसल्याने ही सोय मोलाची ठरते.

‘विज्ञानानुसार मधमाशीला उडताच येऊ नये’ हे खरे आहे का?

व्हॉट्सॲपवर प्रेरणादायी संदेश म्हणून फिरणारे हे वाक्य चुकीचे आहे, पण त्याला इतिहास आहे. फ्रेंच कीटकशास्त्रज्ञ आंत्वान मान्यां यांनी १९३४ मधील कीटकांच्या उड्डाणावरील ग्रंथात एक हिशेब मांडला. विमानाच्या स्थिर पंखाचे नियम कीटकांना लावले, तर त्यांचे उड्डाण अशक्य ठरते, असा त्याचा निष्कर्ष होता. त्याचा खरा अर्थ इतकाच, की विमानाचे गणित कीटकाला लागू पडत नाही. कारण कीटकाचा पंख स्थिर नसतो.

मधमाशीपुरते हे कोडे २००५ मध्ये बऱ्याच अंशी सुटले. अमेरिकेतील कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील डग्लस आल्टशुलर, मायकेल डिकिन्सन आणि सहकाऱ्यांनी तरंगत उडणाऱ्या मधमाश्यांचे सेकंदाला सहा हजार फ्रेमने चित्रीकरण केले. पंखांची ती हालचाल त्यांनी तेलात बुडवलेल्या यांत्रिक पंखाकडून करवून घेतली आणि बल मोजले. तेव्हा दिसले, की माशी पंख वरखाली कमी आणि पुढे-मागे जास्त हलवते. प्रत्येक झोक्याच्या शेवटी पंख उलटा वळतो, त्यामुळे पुढे जाताना आणि मागे येतानाही वर उचलणारे बल मिळते. पंखाच्या पुढच्या कडेवर हवेचा छोटा भोवरा तयार होतो. तो पंखावरचा दाब कमी करून उचल वाढवतो. हा भोवरा इंग्लंडमधील केंब्रिजच्या चार्ल्स एलिंग्टन आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये पतंगाच्या बाबतीत दाखवून दिला होता.

खरे आश्चर्य पुढे होते. इतर अनेक कीटक लांब झोके घेतात. फळमाशीचा झोका १४५ ते १६५ अंशांचा असतो. मधमाशीचा मात्र ९० अंशांच्या आसपासच. आकाराने फळमाशीच्या कितीतरी पट मोठी असूनही ती आखूड झोके जास्त वेगाने घेते. संशोधकांनी माश्यांना ऑक्सिजन आणि हेलियमच्या विरळ मिश्रणात उडवले, तेव्हा त्यांनी फटकाऱ्यांची संख्या जवळपास तीच ठेवून झोक्याची लांबी वाढवली. म्हणजे आखूड झोका ही तिची मर्यादा नाही, ती राखीव ताकद आहे. वजनाच्या निम्म्याहून अधिक मकरंद पोटात घेऊन परतणाऱ्या कामकरी माशीला ही ताकद रोज लागते.

स्नायू इतक्या वेगाने कसे हलतात?

मधमाशीचे उड्डाणाचे मुख्य स्नायू पंखाला थेट जोडलेले नसतात. ते छातीच्या कवचाला आतून उभे आणि आडवे जोडलेले असतात. एक जोडी आकसली की कवच किंचित चपटे होते, दुसरी आकसली की फुगते, आणि त्या दबण्या-फुगण्याने पंख हलतात. एका जोडीच्या आकसण्याने दुसरी ताणली जाते आणि त्या ताणानेच ती पुन्हा आकसते. त्यामुळे प्रत्येक फटकाऱ्यासाठी मेंदूकडून वेगळा संदेश यावा लागत नाही. एका संदेशावर अनेक फटकारे होतात. झोपाळ्याला अधूनमधून झोका दिला तरी तो हलत राहतो, तसे. माशीचे चार पंख उडताना दोनच असल्यासारखे हलतात. मागच्या पंखाच्या कडेला बारीक आकड्यांची रांग असते, ती पुढच्या पंखात अडकते.

उतरताना मधमाशी काय करते?

उडण्याइतकेच उतरणे अवघड. मधमाशीला दोन डोळ्यांनी अंतर मोजण्याची माणसासारखी सोय नाही. मूळचे भारतीय असलेले ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञ मंडयम श्रीनिवासन यांनी चित्रीकरणाच्या आधारे तिची युक्ती शोधली. खालची जमीन डोळ्यांसमोरून ज्या वेगाने सरकताना दिसते, तो वेग माशी कायम राखते. जमीन जवळ येते तशी ती जास्त वेगाने सरकल्यासारखी दिसते, म्हणून माशी आपोआप वेग कमी करत जाते. टेकण्याच्या क्षणी तो जवळपास शून्य होतो. अंतर, वेग वेगवेगळे मोजण्याची गरजच नाही. श्रीनिवासन आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आणखी एक बाब दिसली. पृष्ठभाग सपाट असो वा तिरका, माशी त्यापासून सुमारे १६ मिलिमीटरवर क्षणभर थांबते, पाय लांबवते आणि मग टेकते. ही तत्त्वे चालकविरहित विमानांच्या उतरण्यासाठी वापरून पाहिली गेली आहेत. 

माशी पाण्यात पडली तर? कॅलिफोर्नियातील त्याच संस्थेच्या ख्रिस रो आणि मोर्तेझा घरीब यांनी २०१९ मध्ये दाखवले, की ओल्या पंखांनी ती उडू शकत नाही, पण पंखांनी पाणी मागे ढकलत काठाकडे सरकते. पाणी पिण्यासाठी ठेवलेल्या भांड्यात दगड किंवा काड्या टाकाव्यात, या मधपाळांच्या जुन्या सल्ल्याला यामुळे आधारच मिळतो.

महाराष्ट्रातल्या मधमाश्यांबाबत काय टिपता येते?

राज्यात प्रामुख्याने आग्या, सातेरी, फुलोरी आणि डंख नसलेली पोयाची माशी आढळते. त्याखेरीज पेट्यांमध्ये पाळली जाणारी युरोपीय मेलिफेरा आहे. पुण्यात १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था काम करते. वर उल्लेखलेले बहुतेक प्रयोग मेलिफेरावर झालेले आहेत. आकाराने लहान सातेरीला किंवा थोराड आग्याला तेच आकडे जसेच्या तसे लागू होत नाहीत.

काही गोष्टी मात्र साध्या मोबाइलवरही नीट दिसतात. उन्हाळ्यात पेटीच्या दाराशी काही माश्या जागेवर उभ्या राहून पंखांनी वारा घालतात. मेलिफेराचे तोंड अशा वेळी पेटीकडे असते, ती आतली गरम हवा बाहेर ओढते. सातेरीचे तोंड बाहेरच्या दिशेला असते, ती बाहेरची हवा आत ढकलते. दुसरे दृश्य आग्या मोहोळाचे. गांधीलमाशी जवळ आली की उघड्या पोळ्यावरच्या शेकडो माश्या एकापाठोपाठ पोट वर उचलतात आणि पोळ्यावरून लाट सरकल्यासारखी दिसते. ऑस्ट्रियाचे गेराल्ड कास्टबर्गर आणि सहकाऱ्यांनी नेपाळमध्ये केलेल्या चित्रीकरणातून २००८ मध्ये ही लाट गांधीलमाशीला पिटाळण्यासाठी असल्याचे दाखवले.

भीमाशंकरच्या जंगलातले उदाहरण याहून वेगळे आहे. तिथे हेमा सोमनाथन, रेने बोर्जेस आणि सहकाऱ्यांनी लाकूड पोखरणाऱ्या भुंग्यांचा अभ्यास केला. त्यातील एक जात चंद्र नसलेल्या रात्रीही उडते आणि ताऱ्यांच्या उजेडात रंग ओळखते, असे त्यांनी २००८ मध्ये सिद्ध केले. वेगवान चित्रीकरणाला जितका प्रकाश लागतो, त्याच्या कोट्यंशानेही कमी उजेडात हा भुंगा आपले बीळ शोधतो.

नाशिकच्या शेतीशी याचा संबंध काय?

कांद्याच्या गोंड्यात शेकडो बारीक फुले असतात. प्रत्येक फुलात आधी परागकण मोकळे होतात आणि त्याच फुलाचा स्त्रीकेसर नंतर तयार होतो. त्यामुळे फुलाला स्वतःचे पराग वेळेवर मिळत नाहीत, ते दुसऱ्या फुलावरून कुणीतरी आणावे लागतात. हे काम प्रामुख्याने कीटक करतात. अडचण अशी, की कांद्याच्या मकरंदात पोटॅशियमचे प्रमाण जास्त असते, त्यामुळे जवळ दुसरा फुलोरा असेल तर माश्या तिकडे वळतात. लासलगावच्या बाजारात येणाऱ्या कांद्याची सुरुवात अशा फुलांवरच्या फेऱ्यांतून झालेली असते.

डाळिंबात नर फुले आणि फळ धरणारी फुले एकाच झाडावर असतात, तिथेही माश्यांच्या येण्याजाण्याने फळधारणेला मदत होते. टोमॅटोचे प्रकरण निराळे. त्याचे पराग नळीसारख्या परागकोशात बंद असतात आणि टोकाच्या छिद्रातून बाहेर पडतात. भुंगे आणि निळ्या पट्ट्यांच्या माश्या फुलाला घट्ट पकडतात, पंख मिटतात आणि फक्त छातीचे स्नायू थरथरवतात. मिठाची डबी हलवावी तसे पराग झडतात. मधमाशीला ही कला येत नाही. वाऱ्यानेही टोमॅटोचे बरेचसे काम होते, पण या थरथरीने फळधारणा सुधारते. त्या वेळी फुलातून उडणारा परागांचा धूर मोबाइलच्या २४० फ्रेममध्येही स्पष्ट दिसतो. द्राक्षाला मात्र मधमाशीची फारशी गरज नसते, त्याचे परागीभवन फुलातल्या फुलात होते. तरीही द्राक्षबागांचा या विषयाशी संबंध येतो, तो फवारणीमुळे.

कीटकनाशकांचा परिणाम व्हिडीओत दिसतो का?

माशी जागीच मेली, तर ते कुणालाही दिसते. न मारता तिला निकामी करणारा परिणाम ओळखणे कठीण. फ्रान्समधील मिकाएल आंरी आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये माश्यांच्या पाठीवर सूक्ष्म चिप लावल्या. थायामेथोक्झाम या निओनिकोटिनॉइड गटातील कीटकनाशकाचा अंश मिळालेल्या माश्या पोळ्याकडे परतण्याचे प्रमाण घटले, असे त्यांना आढळले. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो येथील संशोधकांनी २०१७ मध्ये माश्यांना फिरत्या दांडीला बांधून उडवले. एकदाच अंश मिळालेल्या माश्या आधी जास्त वेळ उडाल्या, तर एक-दोन दिवस सतत अंश मिळालेल्यांचे उड्डाण जवळपास निम्म्यावर आले. युरोपीय संघाने २०१८ मध्ये इमिडाक्लोप्रिड, क्लोथियानिडिन आणि थायामेथोक्झाम यांच्या उघड्या शेतातील वापरावर बंदी घातली. भारतात हा गट वापरात आहे.

शेतकऱ्याच्या बाजूनेही हे सोपे नाही. फुलकिडे, मावा, तुडतुडे यांनी पीक गेले तर कर्ज फिटत नाही. आणि एकाच्या बागेतली फवारणी शेजारच्याच्या बीजोत्पादनाला भोवू शकते, कारण मधमाशी बांध पाहत नाही. म्हणून फुलोऱ्यात कीटकनाशक टाळणे, टाळता येत नसेल तर माश्या परतल्यावर सायंकाळी फवारणे आणि आसपासच्या मधपेटीधारकांना आदल्या दिवशी कळवणे, हा सल्ला दिला जातो. भाड्याने मधपेट्या आणणाऱ्यांनी त्या पाच ते दहा टक्के फुले उमलल्यावर ठेवाव्यात. फार आधी ठेवल्या तर माश्यांना दुसऱ्या फुलांची सवय लागते.

व्हिडीओ इथे पुरावा नव्हे, पण इशारा देऊ शकतो. पेटीच्या दाराशी रोज ठरावीक वेळी, ठरावीक जागेवरून दोन मिनिटे चित्रीकरण केले, तर किती माश्या आल्या, किती जणींच्या पायांवर परागाच्या गोळ्या होत्या, किती जणी दार चुकून खाली पडल्या, हे संथ करून मोजता येते. फवारणीच्या आधीचे आणि नंतरचे आकडे शेजारी ठेवले, की ‘माश्या कमी झाल्यासारख्या वाटतात’ या बोलण्याला आधार मिळतो. कारण कोणते, हे मात्र प्रयोगशाळाच सांगू शकते.

चित्रीकरण करायचे असेल तर काय काळजी घ्यावी?

भरपूर ऊन हवे. शटर लहान ठेवले की प्रकाश कमी पडतो. घरातले विजेचे दिवे वापरले तर सेकंदाला शंभर वेळा होणारी त्यांची लुकलुक चित्रात उतरते. उडत्या माशीचा पाठलाग करण्यापेक्षा ती जिथे नक्की येणार, त्या फुलावर किंवा पेटीच्या दारावर फोकस कायम करून मोबाइल तिकाटीवर लावावा. ऊन माशीच्या मागून आले, तर पंख उठून दिसतात. पेटीच्या बाजूला उभे राहावे, उडण्याच्या वाटेत नाही.

पंखांचा वेग मोजायचा असेल, तर चित्रापेक्षा आवाजावर भर द्यावा. मोबाइलचा कॅमेरा सेकंदाला २४० वेळा पाहतो, पण त्याचा मायक्रोफोन ४४ हजारांहून अधिक वेळा ऐकतो. शांत जागी, माशीच्या जवळ केलेले ध्वनिमुद्रण आवाजाची कंपने दाखवणाऱ्या मोफत ॲपमध्ये पाहिले, तर सर्वात खालचा ठळक सूर पंखांचा खरा वेग सांगतो. शाळेच्या विज्ञान प्रकल्पासाठी एवढे साहित्य पुरेसे आहे.

आग्या मोहोळाच्या बाबतीत मात्र साहस नको. गडांवरचे कडे, धरणाच्या भिंती, उंच इमारती, मोठी झाडे इथे ही पोळी असतात. जवळ ड्रोन नेणे, धूर करणे, दगड मारणे हे जिवावर बेतू शकते. माश्या उठल्याच तर चेहरा झाकून, हात न झटकता लांब पळावे आणि बंद जागेत जावे. काटा लगेच खरवडून काढावा. श्वास घ्यायला त्रास होत असेल, तर वेळ न दवडता रुग्णालय गाठावे.

पुढे काय?

केंद्र सरकारने २०२० मध्ये राष्ट्रीय मधमाशीपालन व मध अभियानासाठी ५०० कोटी रुपयांची तरतूद जाहीर केली. महाबळेश्वरजवळील मांघर हे २०२२ मध्ये राज्यातील पहिले ‘मधाचे गाव’ ठरले. या साऱ्यात भर मधाच्या उत्पादनावर राहिला आहे. माशी जे काम बियाणे, फळ आणि भाजीसाठी करते, त्याची नोंद क्वचितच होते. प्रत्येक तालुक्यात फुलोऱ्याच्या दिवसांत कोणत्या पिकावर, कोणत्या वेळी, कोणत्या जातीच्या माश्या किती येतात, याची साधी मोजदाद कृषी महाविद्यालये आणि शेतकरी गट मोबाइलवर करू शकतात. त्यासाठी सहा हजार फ्रेमचा कॅमेरा लागत नाही. दरवर्षी त्याच शेतात, त्याच वेळी, त्याच पद्धतीने चित्रीकरण करण्याची शिस्त लागते. अशा नोंदी पाच वर्षांच्या जमल्या, तर कांद्याच्या गोंड्यावरची माशी वाढते आहे की घटते आहे, याचे उत्तर अंदाजाने द्यावे लागणार नाही.